मुख्याध्यापक सर, प्रयोगशाळेचं कपाट उघडा आणि चार परीक्षानळ्या फुटू द्या

महाराष्ट्रातल्या तमाम माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक सर, मॅडम आणि संस्थाचालक मंडळी,

स. न. वि. वि.

मी शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना "हा कोण आम्हाला शिकवणारा" असं व्हायला नको. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात मी ३१ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो. १९८७ च्या जूनमध्ये लागलो, २०१८ ला ५८ पूर्ण झाली आणि शाल-नारळ घेऊन घरी आलो. पोरं मला मामा म्हणायची, सर लोक "अहो, ते जरा काढून ठेवा" म्हणायचे. या सगळ्या वर्षांत माझ्या कमरेला एक किल्ली लटकत होती, लोखंडी कपाटाची, आणि हे पत्र त्या किल्लीबद्दलच आहे.

झालं असं की मागच्या महिन्यात नातीच्या शाळेत पालकसभेला गेलो, पोरगा-सून दोघं कामावर म्हणून मला पाठवलं. नात नववीत आहे. सभा होती प्रयोगशाळेत, कारण तिथंच स्मार्टबोर्ड बसवलाय आणि खुर्च्या पण तिथंच. सभा काय नेहमीचीच, फी आणि मोबाईल. माझं सगळं लक्ष मागच्या कपाटाकडं. चंचुपात्रं, म्हणजे बीकर, उंचीप्रमाणं ओळीत मांडलेली, परीक्षानळ्यांचा स्टँड, तिवया, नादकाटे, सगळं जिथल्या तिथं आणि सगळ्यावर बोटभर धूळ. कुलूप तर असं गंजलेलं की किल्ली फिरली तर शपथ. बाहेर आल्यावर नातीला विचारलं, "काय गं, त्यातल्या कशाला हात लावलास का कधी?" तर म्हणाली, "आजोबा, सर व्हिडिओ दाखवतात ना बोर्डवर. रंग बदलतो ते दिसतं की."

मला तिचा राग नाही आला आणि तिच्या सरांचा पण नाही आला, कारण असंच हात न लागलेलं कपाट, फक्त धुऊन-पुसून लखलखीत, मी स्वतः चौदा वर्षं सांभाळलंय आणि त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

हे असं का होतं ते तुम्हाला माहिती आहे पण कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. त्याचं कारण जडसंग्रह नोंदवही. म्हणजे आपलं डेड स्टॉक रजिस्टर, शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही. आमच्याकडं काचेचं सामान पण त्यातच चढवून ठेवलेलं, कोणी कधी चढवलं कोणास ठाऊक. एकदा वस्तू त्यात चढली की ती फुटली तरी फुटत नाही, कागदावर जिवंतच राहते. ती काढायची तर निर्लेखनाचा, म्हणजे वहीतून कमी करायचा ठराव, समितीच्या सह्या, आणि तपासणीला साहेब आले की पहिला प्रश्न, २४ बीकर लिहिलेत, २३च कसे? त्यापेक्षा पोरांनी हात न लावलेलाच बरा, हा हिशोब कोणीही करेल, मी पण केला. प्रात्यक्षिकाला सर टेबलावर एकटे प्रयोग करणार, ६०-६५ पोरं बेंचवर उभी राहून माना उंच करणार, पुढच्या दोन रांगांना दिसणार आणि मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसणार. तास संपला की मी सगळं धुवून, पुसून, मोजून परत कपाटात.

१९९४-९५ ची गोष्ट असेल. आठवीतल्या एका पोराच्या हातून १०० मिलीचं मोजपात्र पडलं. मुद्दाम नाही, ओला हात होता. बाप कारखान्याला बैलगाडीनं ऊस ओढायचा. वरून हुकूम आला, किंमत भरून घ्या. ४५ रुपये. पोरगं चार दिवस शाळेतच आलं नाही. पाचव्या दिवशी आलं ते रुमालात बांधून चिल्लर आणि एक-दोनच्या नोटा घेऊन, मी मोजून घेतले, पावती फाडली, रजिस्टरला नोंद केली, रजिस्टर टॅली झालं. दहावी होईपर्यंत ते पोरगं प्रयोगशाळेत आलं की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मला त्याचं तोंड आता नीट आठवत नाही पण ते मागं बांधलेले हात आठवतात. हुकूम वरून आला होता हे खरं, पण पावतीवर सही माझी आहे.

२००१ ला आमच्याकडं विज्ञानाला नवीन मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मामा, वर्षाला किती फुटतं आपल्याकडं?" मी छाती फुगवून सांगितलं, "एक नळी नाही मॅडम, चौदा वर्षांत बोटावर मोजण्याइतकं." त्या हसल्या नाहीत की काही नाही, म्हणाल्या, "मग वापरतं कोण?"

मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग त्यांनीच तोड काढली आणि ती इतकी साधी होती की अजून मला हसू येतं. वार्षिक परीक्षेचे जुने पेपर रद्दीत जातात, त्याचे पैसे शाळेत असेच कुठंतरी चहापाण्यात जिरतात. मॅडमनी मुख्याध्यापकांना गाठून ते पैसे मागून घेतले आणि जूनमध्ये १०० परीक्षानळ्या, थोडे बीकर, दोन डझन स्वस्तातली भिंगं असं आणलं आणि सांगितलं की हे डेड स्टॉकला चढवायचं नाही, हे खडूसारखं आहे, संपणार. खडू संपला म्हणून कोणी पोराकडून भरून घेतं का? एक साधी वही घातली, तिच्यावर लिहिलं "फुटलेलं". पोरानं फोडलं की स्वतः जाऊन लिहायचं, काय फुटलं आणि कसं फुटलं, बस. रागावणं नाही, पैसे नाहीत. पहिल्या वर्षी ३७ नळ्या गेल्या, दोन बीकर आणि एक थर्मामीटर. मी रोज मनातल्या मनात रडत होतो. दुसऱ्या वर्षी १९. नंतर नंतर दहाच्या आतच. कारण त्या वहीत "कसं फुटलं" वाचलं तर तेच तेच दिसायचं, गरम नळी ओल्या फरशीवर ठेवली, चिमट्यात नळी तळापाशी धरली, तापवताना हलवली नाही. आठवीची पोरं नववीच्यांचं वाचायची आणि हसायची आणि स्वतः तसं करायची नाहीत. मी चौदा वर्षं "सावकाश, सावकाश" म्हणून ओरडत होतो, ते काम त्या वहीनं दोन वर्षांत केलं.

आता हात लावल्यानं नक्की काय होतं ते दोन प्रसंगांतून सांगतो, कारण "कृतीतून शिक्षण" असं नुसतं म्हटलं की माझे पण डोळे मिटायला लागतात, इतकी ट्रेनिंगं झालीत त्यावर.

आमच्या प्रयोगशाळेची खिडकी एसटी स्टँडकडं होती. मॅडमनी भिंगं वाटली, जोडीला एक, आणि एक पांढरा पुठ्ठा. खोलीत जरा अंधार केला, खिडकी उघडी, म्हणाल्या बाहेरचं दृश्य पुठ्ठ्यावर आणा. सगळ्या वर्गाला पाठ होतं, बहिर्वक्र भिंग, दूरची वस्तू, प्रतिमा वास्तव, उलटी, लहान. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, वर्षभरात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं भिंग मागं पुढं केलं आणि पुठ्ठ्यावर एकदम स्टँड उतरलं, लिंबाचं झाड, पत्र्याची शेड, आणि लाल एसटी, रंगासकट, नखाएवढी. आणि ती एसटी चालत होती! पुस्तकातली आकृती चालत नाही ना, त्यामुळं हे तिच्या डोक्यातच नव्हतं. "मामा, बस उलटी चाललीय, चाकं वर आहेत." मग तिनं काय केलं, पुठ्ठाच फिरवला, खालची बाजू वर. तिला वाटलं आपण उलटा धरलाय. बस उलटीच. मग भिंग फिरवलं. बस तरी उलटीच. मग स्वतःची मान वाकडी करून बघितली आणि खुदकन हसली. नंतर पट्टी घेऊन भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंत मोजलं तर १० सेंटीमीटर, तेच नाभीय अंतर, म्हणजे लांबची वस्तू भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते ते. हे तिला कोणी सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही, मॅडमनी सांगितलं. पण आधी तिनं तीन वेळा बस सुलटी करायचा प्रयत्न केला होता आणि मग ऐकलं. त्या ऐकण्यात आणि बाकावर बसून ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मी दोन्ही बघितलेत.

दुसरा प्रसंग खिळ्याचा. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकायचा, लोखंड तांब्याला हाकलून त्याची जागा घेतं, खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळं पाणी हळूहळू फिकट हिरवं होतं. सगळ्यांना माहिती आहे. खिळे मी द्यायचो, पॉलिश पेपरनं घासून. त्या वर्षी मॅडम म्हणाल्या खिळे पोरांनाच आणू दे. आणले. सगळ्यांचं पाणी हिरवट झालं आणि एका ग्रुपचं झालंच नाही, निळा रंग उडत गेला आणि पाणी शेवटी जवळजवळ साधं पाणी दिसायला लागलं. आता आमच्या जुन्या पद्धतीत सर म्हणाले असते "चुकला तुमचा, हिरवं झालं असं लिहा" आणि पोरांनी लिहिलं असतं. मॅडमनी विचारलं खिळा कुठला? तर एकाच्या घरी पत्र्याचं शेड घातलेलं, त्यातला उरलेला. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला खिळा! जस्तानं तांब्याला हाकललं, आणि जस्ताचं सल्फेट बिनरंगी असतं, मग पाणी हिरवं कशाला होतंय. मग तोच खिळा कानशीनं घासून मुलामा काढला आणि परत टाकला, झालं हिरवट. धातूंची ती अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे कोणता धातू कोणाला हाकलतो तो क्रम, ती चार पोरं मरेपर्यंत विसरणार नाहीत. व्हिडिओत कधी चुकीचा खिळा येत नाही, हीच व्हिडिओची अडचण आहे बघा.

जर्नलबद्दल, म्हणजे प्रयोगवहीबद्दल तर काय बोलू. दहावीला २० मार्क प्रात्यक्षिकाचे आणि ते जर्नल बघून. १७ च्या खाली आमच्याकडं सहसा कोणाला पडले नाहीत. एकदा मला कोरी जागा भरायला म्हणून जुनी जर्नलं चाळायला सांगितली तर भिंगाच्या प्रयोगात एका पोरानं वस्तूचं अंतर २५ च्या ऐवजी ५२ लिहिलेलं, आणि पुढच्या तीन वर्षांच्या बॅचनी ५२च लिहिलेलं, नाभीय अंतराचं उत्तर मात्र सगळ्यांचं बरोब्बर १०. आणि प्रत्येक पानाखाली तपासल्याची सही! सही करणारे सर वाईट नव्हते हो. त्यांच्या मागं निवडणूक, पोर्टलवरची माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मधल्या सुट्टीतला खिचडीचा हिशोब. आणि माझ्यासारख्यांच्या जागा किती ठिकाणी रिकाम्या पडल्यात ते तुम्हीच सांगा, निघून गेलेल्या माणसाच्या जागी माणूस भरलाच नाही तर नळ्या कोण धुणार.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांत सुरू झालं होतं हे, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर अशा दोन संस्थांनी मिळून, चार-चार पोरांच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, खेड्यातल्या साध्या सरकारी शाळांत, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. पुढं अख्ख्या जिल्ह्यात गेलं. तीस वर्षं चाललं आणि २००२ ला सरकारनं बंद केलं. तिथंच सत्तरच्या दशकात, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करायची युक्ती काढली. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, हे पोराच्या बोटाला कळतं, आणि मग रस्त्यावरच्या लोखंडी पुलात इतके त्रिकोण का असतात ते त्याचं तो सांगतो. खर्च किती, दोन-चार रुपये. नंतर ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून. रिटायर झाल्यावर मी एकदा जाऊन आलो. पोरं वेल्डिंग करत होती, वायरिंग करत होती, माती तपासत होती, आणि मला कपाटं दिसली ती उघडीच. (कुलूप बघायची सवय काही जात नाही.)

तुम्ही म्हणाल आता केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब आल्यात, पोरांनी थ्रीडी प्रिंटर वगैरेवर स्वतः वस्तू करून बघायच्या, २०१६ पासून, शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत अजून ५०,००० लॅब पाच वर्षांत करायचं जाहीर झालंय. चांगलंच आहे. फक्त माझी भीती एवढीच आहे की नळीला जे झालं तेच थ्रीडी प्रिंटरला होणार. नळी १०-१५ रुपयांची होती तरी आपण तिला कुलपात ठेवलं, मग हजारोंच्या मशीनला किती कुलपं लावू? एका शाळेत बघितलं पण मी, मशीनवर भरजरी कापड घातलेलं आणि वर हार. दसऱ्याचा होता म्हणे. बघितलं तेव्हा मार्च होता.

आणि पैसे नाहीत हे कारण तर मला सांगूच नका, रद्दी विकून चालवलंय मी. आमचा जिल्हा हळदीचा. हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो हे प्रत्येक आईला माहिती आहे, हळदीत चुना घालून कुंकू करतात हे आजीला माहिती आहे, आणि पोराला मात्र "आम्ल-आम्लारी दर्शक" (आम्ल की आम्लारी ते रंग बदलून दाखवणारं) म्हटलं की लिटमसच्या पलीकडं काही आठवत नाही. गाळायच्या कागदाला हळद लावा, वाळवा, पट्ट्या कापा, झाले तुमचे दर्शक. पोरांना घरातलं काय काय तपासायचं ते त्यांचं ते ठरवतील, आमच्याकडं एकानं म्हशीचं मूत आणलं होतं बाटलीतून, मॅडम जरा दचकल्या पण तपासलं. जुन्या विहिरीत, धान्याच्या बंद पेवात उतरायच्या आधी आपली माणसं कंदील खाली सोडून बघतात, विझला तर उतरायचं नाही. ज्या घरात हे चालतं त्या घरातलं पोर ज्वलनाला ऑक्सिजन लागतो हे वाक्य पाच वेळा लिहून पाठ करतं, कमाल आहे.

धोका आहेच, तो मी नाकारत नाही. एका मुलीच्या मनगटावर अॅसिडचा थेंब उडून डाग पडला होता, तिथं मीच कमी पडलो होतो, बाटली जोराची होती, पातळ करून ठेवायला हवी होती. त्या रात्री झोप लागली नाही मला. पण त्यानंतर आम्ही प्रयोग बंद नाही केले, जोराचं अॅसिड पोरांच्या टेबलावर जाणं बंद केलं. पाण्यात अॅसिड सोडायचं, अॅसिडात पाणी कधीच नाही, आणि तेही मोठ्या माणसानं. पाऱ्याचे थर्मामीटर काढून टाकले. वाळूची बादली दाराजवळ, वेण्या आणि ओढण्या बांधलेल्या, आणि दिव्यापाशी एका वेळी चारच पोरं. घरी पोरं गॅस पेटवतात, विळीवर कांदा चिरतात, शेतात मोटार चालू करतात. शाळेतच ती अचानक काचेची कशी होतात?

म्हणून मागणं एवढंच आहे. या जूनला काचेचं सामान डेड स्टॉकमधून काढायचा एक ठराव करा, एकदाच होणारं काम आहे, नंतर कटकट नाही. रद्दीचे पैसे विज्ञानाला द्या. वेळापत्रकात आठवी, नववी, दहावीला आठवड्याला एक जोडतास अर्ध्या वर्गाचा ठेवा, उरलेला अर्धा वर्ग चित्रकलेला नाहीतर ग्राउंडवर पाठवा, आमच्याकडं तसंच केलं होतं, पीटीचे सर पहिल्यांदा कुरकुरले आणि नंतर गप झाले. फुटलेल्याची वही घाला. आणि नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला वर्षात दप्तराविना १० दिवस सांगितलेत, ते दिवस बसून सिनेमा दाखवण्यात घालवू नका, त्यातला एक दिवस तरी पोरांना कपाट आवरायला लावा. काय वस्तू आहे, कशाला लागते, नाव काय, सगळं निघतं त्यात, धूळ पण निघते.

संस्थाचालकांना वेगळं सांगतो, तपासणीच्या दिवशी लखलखीत कपाट दिसलं की मुख्याध्यापकांची पाठ थोपटू नका. वर्षात किती फुटलं तेवढं विचारा, आणि उत्तर शून्य आलं तर मग जरा बसून बोला.

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या बाजूच्या कुठल्याही शाळेला कपाट लावायला, गंजलेलं कुलूप काढायला, नळ्या उकळून साफ करायला माणूस हवा असेल तर मी येतो. पैसे नकोत, डबा घरून आणीन, गुडघे दुखतात म्हणून वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा असेल तर एक स्टूल तेवढं ठेवा. नातीच्या शाळेत सोमवारी जाणार आहे, तिच्या सरांनी हो म्हटलंय, किल्ली अजून सापडायचीय.

आपला,
एक रिटायर लॅबवाला मामा

ता. क. मोरचूद विषारी असतं, प्रयोगानंतर पोरांना साबणानं हात धुवायला लावा आणि त्या टेबलावर डबे खाऊ देऊ नका. आणि स्पिरिटचा दिवा फुंकून विझवायचा नाही, वरून टोपण ठेवायचं. हे दोन्ही मी दाराच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवलं होतं, अजून असेल.